लांकडावरील आरोप

मुंबईंत काळबादेवी, भुलेश्वर, गिरगांव या भागांत खालीं दुकानें आणि वर बिऱ्हाडें अशीं जुनीं सागवानी घरें अद्याप उभीं आहेत. त्यांच्याविषयीं सुशिक्षितांत एक मत रूढ झालें आहे : लांकूड हें कुजणारें व जळणारें द्रव्य, तेव्हां हीं घरें पाडणें हाच शहाणपणा. आमच्या मतें हें मत चुकीचें आहे. आणि त्यापासून लाभ कोणास होतो हें पाहिलें म्हणजे तें निरुपद्रवीही वाटत नाहीं.

या घरांचा भार मुख्यतः सागवानी खांब व तुळया वाहतात. विटा ही मधली भर. म्हणूनच तळमजला रस्त्याकडे सताड उघडा ठेवून दुकान थाटतां येतें आणि वर सज्जे पुढें काढतां येतात. एखादा खांब बिघडला तर घराला टेकू देऊन तेवढाच बदलतां येतो. सागवान आपोआप कुजत नाहीं. सततची ओल त्याला कुजविते. गळकीं कौलें, झिरपणारी मोरी, मागाहून बसविलेले नळ यांचें पाणी तुळईचें टोंक भिंतींत शिरतें तेथें मुरतें. हा दोष लांकडाचा कसा?

मग दुरुस्ती कां झाली नाहीं? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. गरीब भाडेकरूस त्यानें आसरा दिला, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मालकास डागडुजी परवडेना आणि मालकी नसलेला भाडेकरू खर्च करीना. १९६९ च्या कायद्यानें उपकर बसवून दुरुस्तीचा भार सरकारी मंडळावर टाकला. पुढें १९९१ च्या विकास नियमांतील ३३ (७) या कलमानें अशा इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्राचें आमिष जोडलें. घरापेक्षां तें पाडून मोकळी होणारी जागा अधिक मोलाची ठरल्यावर गळका नळ दुरुस्त करण्यांत कोणाचें हित उरलें? गंमत ही कीं, निकामी म्हणून पाडलेल्या घराचें सागवान जुन्या लांकडाच्या बाजारांत चांगल्या किंमतीस खपतें!

आगीचा आक्षेप मात्र गंभीर आहे. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास ही इमारत आगींत कोसळली व अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. तें बलिदान विसरून या घरांची तरफदारी करणें निर्दयपणाचें होईल. पण जाड तुळई बाहेरून जळते तेव्हां वरचा कोळसाच आंतल्या गाभ्याचें कांहीं काळ रक्षण करतो. उलट, उघडें पोलाद सुमारें ५५० अंश सेल्सिअसला जवळजवळ निम्मी शक्ति गमावतें. खरा धोका पातळ फळ्या, एकच लांकडी जिना, जुनाट वीजतारा आणि माळ्यापर्यंत रचलेला माल यांत आहे. या प्रत्येकावर उपाय करतां येतो.

सामाईक शौचकुपापुढें रांगेंत उभ्या राहणाऱ्या गृहिणीस सौंदर्याचे पाठ देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तिला घरांतच न्हाणीघर व शौचकूप मिळालेंच पाहिजे. पण त्यासाठीं सगळें घर जमीनदोस्त करण्याची गरज सर्वत्र नसते. प्रत्येक घराचे सांधे व तुळयांचीं टोंकें तपासावीं. गरीब भाडेकरूस साहाय्य देऊन दुरुस्तीपुरतें भाडें आकारूं द्यावें. आणि जें पाडल्यास मिळतें तेवढेंच उत्तेजन राखणारासही द्यावें. इतकें करूनही जें घर उभें राहणार नाहीं, तें खुशाल पाडावें. तोंवर लांकडाला दोष देणें म्हणजे माणसांच्या हिशेबावर पांघरूण घालणें होय.