पिशवी गेली, खाडा वाचला



उसाच्या दराचं गणित आपल्याला तोंडपाठ आहे. उतारा किती, पहिली उचल किती, तोडणी-वाहतुकीचे कारखान्याने किती कापले, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. त्याच तोडणीच्या हिशेबातला एक आकडा मात्र आपल्या बैठकांत क्वचितच निघतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहातली एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नसतील, पण एवढा फरक वयाने पडत नाही.

हे कसं घडतं? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, माणसावर नाही. बाई पाळीमुळे आडवी झाली की कोयत्याचा खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत. तो मुकादमाच्या वहीत चढतो. फडात संडास नाही, न्हाणी नाही, धुवायला पाणी नाही. अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. पुष्कळदा हा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. पण डॉक्टर म्हणतो, "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका." बाई दोन लेकरांची आई असते, तिला पुढच्या हंगामाची उचल फेडायची असते. ती हो म्हणते. ऑपरेशनचा पैसाही अनेकदा मुकादमाकडूनच उचललेला.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण मावा पडला म्हणून कपाशी उपटा असा सल्ला मी दिला असता, तर तुम्ही मला गावात उभं केलं नसतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तरुणपणीच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात. मग तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते.

डॉक्टरमंडळी संमतीचा कागद दाखवतात. अंगठा आहे म्हणून कर्ज खरं, असं सावकारही म्हणत होताच की!

बीडमध्ये सरकारने उपाय काढला, जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी. परवाना आला की दलाल आला, हे आपण लेव्हीच्या काळापासून पाहत आलो आहोत. खरीच गाठ असलेल्या बाईने किती खेटे घालायचे? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं मात्र मला पटतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. तरीही रोग दवाखान्यात नाही, करारात आहे. बिहार, छत्तीसगडमध्ये २०१२ साली विम्याच्या कार्डावर पिशव्या काढल्याचं उघडकीला आलं; तिथे लालूच डॉक्टरला होती. इथे लालूच डॉक्टरला आहेच, शिवाय मागून दंडाचा रेटा आहे.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचे दर ३४ टक्के वाढले. चांगलं झालं. पण कोयता जोडीचाच राहिला, खाडाही राहिला. बाईचं नाव वेगळं, मजुरी वेगळी, आजारपणाच्या दिवसाला दंड नाही, आणि फडावर पाणी-संडासाची सोय कारखान्याची, एवढं करारात आलं तर निम्मी ऑपरेशनं आपोआप थांबतील असा माझा अंदाज आहे.

याचा खर्च कारखाना आपल्याच बिलातून कापायला बघेल, हे मी लपवत नाही. तो साखरेच्या पैशातून निघावा, यासाठी भांडावं लागेल. जिल्हा बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. ज्याला टनामागच्या कपातीची भीती वाटते, त्याने तिथेच उठून बोलावं, आणि शक्यतो बायका हजर असताना बोलावं.