उत्तर आणि उकल

वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडविणारा वाचक दुसऱ्या दिवशी उत्तरे ताडून पाहतो आणि पान उलटतो. साध्या शब्दकोड्यापुरते हे ठीक आहे. 'कमळ' या अर्थाचा चार अक्षरी शब्द विचारला असेल, तर 'सरसिज' हे उत्तर पाहताच शंकेला जागा उरत नाही. इंग्रजीत ज्याला 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' म्हणतात, त्या कूट शब्दकोड्याचे मात्र तसे नाही. तेथे चौकोन भरले तरी कोडे सुटलेले नसते; हेच उत्तर का, हे सांगता आले तरच ते सुटले असे म्हणता येते.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. आर्थर विन याने रचलेले पहिले कोडे 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात छापून आले. त्याला कूटाचे वळण दिले ते इंग्लंडने. 1926 पासून 'ऑब्झर्व्हर' साप्ताहिकात 'टॉर्केमाडा' या नावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स कोडी रचू लागला. टॉर्केमाडा हा स्पेनमधील धर्मन्यायालयाचा कर्दनकाळ प्रमुख. त्याच्या गादीवर आलेल्या रचनाकाराने 'झिमेनेस' हे दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले, तर 1972 मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्याने 'डेझा' या तिसऱ्याचे नाव उलटे लिहून 'अझेड' केले. वाचकाला छळण्याची प्रतिज्ञा टोपणनावातच करण्याचा हा विनोद खास इंग्रजी म्हणावा लागेल.

या कोड्यातील संकेतवाक्य दोन तोंडांनी बोलते. वरवर वाचले तर ते एक साधे वाक्य असते. आत मात्र त्याचे दोन भाग असतात : एक उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा उत्तराची अक्षरे कशी जुळवावीत ते सुचवितो. इंग्रजी कोड्यात 'फ्लॉवर' हा शब्द दिसला की अनुभवी वाचक फुलाकडे पाहत नाही. 'फ्लो' म्हणजे वाहणे. तेव्हा जी वाहते ती, म्हणजे नदी, असा अर्थ तो घेतो. एका प्रसिद्ध संकेतात तर 'एच' पासून 'ओ' पर्यंतची आठ अक्षरे ओळीने लिहिलेली असतात, बाकी काही नाही. उत्तर 'पाणी'! 'एच टू ओ', म्हणजे एच ते ओ. आणि रसायनशास्त्रातील पाण्याचे सूत्रही तेच.

मराठीत असे वाक्य रचायचे झाल्यास पुढील नमुना पाहावा : 'गरीब उलटा फिरला, तेव्हा भेटली सरिता (दोन अक्षरे)'. वाचकाच्या डोळ्यांसमोर एक गरीब माणूस आणि सरिता नावाची मुलगी उभी राहते. तेथेच तो फसतो. गरीब म्हणजे 'दीन'. तो उलटा केला की 'नदी'. आणि सरिता म्हणजे नदीच. येथे ऱ्हस्वदीर्घाचीही परीक्षा होते. 'दिन' उलटला तर 'नदि' होईल, आणि ते अशुद्ध आहे. इंग्रजीत एकेक वर्ण सुटा होऊन कोठेही जातो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी अक्षराला धरून राहतात, त्यामुळे रचनाकाराचे हात अधिक बांधलेले असतात. 'श्यामनगरात हरवलेले चित्त' या वाक्यात 'मन' हे उत्तर गावाच्या नावातच दडलेले आहे.

फसवणूक हा या खेळाचा धर्म असला तरी तिला मर्यादा आहे. झिमेनेस, म्हणजे डी. एस. मॅकनट, याने 1966 च्या आपल्या पुस्तकात ही मर्यादा काटेकोरपणे मांडली. अर्थ अचूक हवा, अक्षरांची खूण न्याय्य हवी आणि त्यापलीकडे वाक्यात फुकटचा शब्द नको, हे तिचे सार. वाचकाला चकवावे, पण उकल कळल्यावर त्याने कपाळाला हात लावून 'हे तर समोरच होते' असे म्हटले पाहिजे. जी उकल कळल्यावरही पटत नाही, तेथे दोष वाचकाचा नसतो.

आणि येथेच खरा प्रश्न आहे. अनेक दैनिके दुसऱ्या दिवशी केवळ भरलेले चौकोन छापतात. ज्याच्या घरात हा खेळ पिढीजात आहे, त्याला तेवढे पुरते. ज्याला 'शाळा' म्हटल्यावर ईटनच आठवावे किंवा 'शांत' म्हटल्यावर पाश्चात्त्य संगीतलिपीतील 'पी' घ्यावा हे कोणी सांगितलेले नाही, तो चौकोनांकडे पाहत राहतो आणि आपल्यालाच बुद्धी कमी असे समजून कोडे सोडून देतो. भारतात इंग्रजी ही शिकून मिळविलेली भाषा असलेल्या लाखो वाचकांची हीच स्थिती होते. त्यांच्याकडे बुद्धी नसते असे नाही. संकेतांची किल्ली नसते. किल्ली लपवून ठेवणे आणि कोडे अवघड करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वेगाचे कौतुकही असेच अनाठायी आहे. जानेवारी 1942 मध्ये 'डेली टेलिग्राफ' ने बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातील काहींना पुढे ब्लेचली पार्क येथे शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामासाठी बोलावणे आले. ही हकिगत रंगवून सांगितली जाते. परंतु त्या कामातही नुसता तर्क पुरेसा नव्हता, तो सिद्ध करावा लागे.

आपल्याकडे कूटाची परंपरा जुनी आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. ज्या कोड्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत दडलेले असते, त्याला 'अंतर्लापिका' असे नावही आहे. शब्द फोडून दुसरा अर्थ काढणारा सभंग श्लेष तर शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. पण या परंपरेचे मोठेपण कूट रचणाऱ्यांइतकेच टीकाकारांचे आहे. महाभारतातील दुर्बोध श्लोकांपाशी वाचक अडला, तर त्याच्या मदतीला गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातला नीलकंठ चतुर्धर आहे. सतराव्या शतकात काशीत बसून त्याने 'भारतभावदीप' लिहिला. पद कोठे तोडावे आणि अन्वय कसा लावावा, हे सांगण्यात अशा टीकाकारांना कमीपणा वाटला नाही.

मराठी दैनिकांतील शब्दकोडी बहुतांशी प्रतिशब्दांवर थांबली आहेत. त्यांत आठवड्यातून एखादे कूट यावे, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीत त्याची उकल यावी. 'दीन उलट = नदी = सरिता' एवढ्याला जागा ती किती लागते?