उजेड कुठे पडतो ते आधी सांगा

दुचाकीच्या हेडलाइटमध्ये कंपनीतून आलेला हॅलोजन बल्ब हा ग्राहकाच्या गळ्यात मारलेला कचरा आहे, तो काढावा आणि बाजारातला जास्तीत जास्त ल्यूमेनचा एलईडी बसवावा, असा निकाल एका गृहस्थांनी जाहीर केला आहे. चार-पाच एलईडी आणून त्यांनी खोक्यावरचे आकडे एकमेकांशेजारी मांडले, ज्याचा आकडा मोठा त्याला पहिला नंबर दिला, आणि वर ठणकावलं की कन्नड घाट रात्री ज्याने उतरला नाही त्याने या विषयावर बोलू नये. समोरचे सगळे डोळ्यांत मारतात, मग आपणच का मंद राहायचं, हा त्यांचा शेवटचा मुद्दा. छत्रपती संभाजीनगरात हे मत त्यांचं एकट्याचं नाही. गॅरेजसमोर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो हेच बोलेल. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

अंधाराची तक्रार खरी आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपल्या वाट्याला येतात ते गंगापूर-वैजापूरकडचे, खुलताबाद-वेरूळकडचे रस्ते. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या त्यावरून रात्रभर चालतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. ट्रॉली दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात २५ मीटर संपतात, आणि थांबायला आणखी २०-२५ मीटर हवेत. पन्नास मीटरवरचं दिसलं नाही तर माणूस मरतो. यात मतभेद नाही. मतभेद आहे तो खोक्यावरच्या आकड्याने पन्नास मीटरवरचं दिसतं या समजुतीशी.

ल्यूमेन म्हणजे दिव्यातून चहूबाजूंना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. तो रस्त्यावर पडतो की झाडाच्या शेंड्यावर, हे ते माप सांगत नाही. आपल्या बहुतेक साध्या दुचाकींत ३५/३५ वॅटचा एचएस-१ बल्ब असतो. त्याचा ठरलेला प्रकाश अप्परला सुमारे ८२५ आणि डिप्परला सुमारे ५२५ ल्यूमेन. आता या गृहस्थांच्या पहिल्या नंबरच्या खोक्यावर छापलेत २०,००० ल्यूमेन. चांगल्यातला चांगला एलईडी वॅटमागे साधारण १०० ते १५० ल्यूमेन देतो असं धरलं तरी २०,००० ल्यूमेनला निदान १३० वॅट वीज लागेल. एवढी वीज ओढली तर शंभर सीसीच्या गाडीचं चार्जिंग कोलमडेल. म्हणजे आकडा उघड खोटा आहे, आणि त्या खोट्याच्या आधारावर नंबर लावले गेले. एक साधा भागाकारसुद्धा त्यांना करावासा वाटला नाही?

बरं, आकडा खरा असता तरी काय झालं असतं? एचएस-१ किंवा एच-४ बल्ब हातात घेऊन पाहा. आत दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून परतलेला प्रकाश खाली रस्त्यावर उतरतो. समोरून येणाऱ्याचे डोळे त्या वाटीमुळे वाचतात. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू ती तार नेमकी कुठे बसणार हे धरून कापलेला असतो. तिथे तुम्ही दोन बाजूंना चिप चिकटवलेली, मागे पंखा लावलेली पट्टी खुपसता. उजेडाचा उगम मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकला की रिफ्लेक्टरचं सगळं गणित फिसकटतं. उजेडाची वरची कड विरघळते, थोडा प्रकाश पुढच्या चाकासमोर साचतो, थोडा आकाशात जातो, आणि मोठा हिस्सा समोरच्याच्या तोंडावर. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय झगझगीत दिवा! कारण पुढचे दहा मीटर पांढरेशुभ्र झालेले असतात. त्या पांढऱ्या पट्ट्याने डोळ्याची बाहुली आक्रसते, आणि चाळीस-पन्नास मीटरवरची ट्रॉली पहिल्यापेक्षा जास्त काळोखात जाते. ज्या ट्रॉलीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच दिसेनाशी होते.

दुचाकीत आणखी एक गोष्ट आहे, जी या गृहस्थांच्या तुलनेत औषधालाही नाही. मोटारसायकल कलते. दौलताबादचा दिल्ली दरवाजा ओलांडून खुलताबादकडे घाट चढताना डावं वळण आलं की गाडी डावीकडे झुकते. मग उजेडाची डावी कड खाली येते आणि उजवी वर उचलली जाते, म्हणजे वळणाची आतली बाजू अंधारते आणि वरून उतरणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जातो. मागे माणूस बसला की गाडीचं बूड दबतं, तोंड वर होतं. दिवा एकच अंश वर गेला तरी पन्नास मीटरवर उजेड ८७ सेंटिमीटर वर चढतो. कड नीट असलेल्या दिव्यातही एवढं होतं, तर कडच नसलेल्या दिव्यात काय होत असेल? समोरचा साठीचा असेल तर त्याचे डोळे सावरायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ पाच सेकंदांचा धरला तर ताशी ६० च्या वेगाने तो ८० मीटर आंधळा चालतो. तुमच्याच दिशेने.

बाकीच्या मुद्द्यांना ओळ-ओळ पुरे. पांढरा म्हणजे भारी हे खरं नाही, निळसर झाक असलेला प्रकाश डोळ्यांना जास्त टोचतो. कन्नड घाटात पावसाळी धुकं असतं तेव्हा वर उधळलेला प्रकाश थेंबांवरून परतून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. पोलीस पकडत नाहीत, हा युक्तिवाद नव्हे. सगळे मारतात म्हणून आम्हीही मारतो, हाही नव्हे.

अशा ठाम निकालांचा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हा दिवसा दिवा कशाला, बॅटरी मरेल, बल्ब उडेल, असा गदारोळ उठला आणि गॅरेजवाल्यांनी बटणं बसवून दिली. गाडी दुसऱ्याला दिसावी म्हणून तो दिवा होता, हे कानीकपाळी ओरडून सांगावं लागलं. त्याआधी सायलेन्सरवरूनही हेच: जाळी काढा, फटफट आवाज करा, लोक आपोआप बाजूला होतात. प्रत्येक वेळी गाडीचा एक भाग दुसऱ्या माणसावर हत्यारासारखा उगारायचा आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं. याची मला मनापासून चीड आहे, आणि ती या शहरात तर जास्तच येते. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, वाहनांचे दिवे बनवणाऱ्या व्हॅरॉकचं मुख्यालय वाळूजलाच आहे. पाळी सुटल्यावर दुचाकीवरून घरी निघणाऱ्या माणसांच्या या गावात दिव्याचं ज्ञान खोक्यावरून घेतलं जावं?

मग करावं काय? नियम सोपा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम म्हणतो की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिव्याने दिपता कामा नये. गाडी भिंतीपासून आठ मीटरवर उभी करा, स्वतः बसा, मागेही कुणाला बसवा, डिप्पर लावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्याच्या खाली आणि रेघेसारखी स्पष्ट दिसली तर तो दिवा तुलनेत घ्यायचा, नाहीतर खोक्यात परत. एलईडीच हवा असेल तर बल्बच्या जागी पट्टी न खुपसता एलईडीसाठीच बनवलेलं आख्खं प्रोजेक्टर युनिट घ्या, आणि ते डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनवलेलं आहे ना ते पाहा, नाहीतर त्याची उचललेली कड समोरच्याच्याच बाजूला जाईल. जर्मनीत २०२० साली बल्बच्या जागी बसणाऱ्या एलईडीला रस्त्यावर परवानगी मिळाली तीही गाडीचं एकेक मॉडेल तपासून.

त्याआधी मात्र आहे त्या हॅलोजनची वायर तपासा. बल्बपर्यंत पोचणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत गंजलेलं होल्डर आणि थकलेलं बटण एवढं सहज खातं. गाडीचा हेडलाइट बॅटरीवर चालत असेल तर रिले टाकून जाड वायर ओढून घ्या, पिवळी पडलेली काच बदला, आणि फोकसचा स्क्रू फिरवून दिवा भिंतीवरच्या खुणेला लावा.