आजीच्या पेटीतली चवली

बालमित्रांनो, 'चवली-पावली' हे शब्द आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असतील. पण चवली कधी पाहिलीत का? चवली म्हणजे दोन आण्यांचे चांदीचे नाणे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे आठ चवल्या झाल्या की एक रुपया! हा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. मग चवलीचे वजन किती? करा भागाकार. जेमतेम दीड ग्रॅम!

आमच्या नावड्यात आता इमारती झाल्या; पण जुन्या घरांतल्या पेटीत, देव्हाऱ्यात अशी नाणी अजून सापडतात. लक्ष्मीपूजनाला ती बाहेर येतात. मागे वर्गातल्या एका मुलीने विचारले, "बाई, काळी पडलीय. रांगोळीने घासून चकचकीत करू?" मी म्हटले, "थांब गं, आधी वाचू या!"

भिंग घ्या. एका बाजूला इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया दिसेल. दुसऱ्या बाजूला १८४१ साल आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' असेल, तर ते कंपनी सरकारचे नाणे. १८५७ चा उठाव झाला, १८५८ साली कंपनीचे राज्य गेले. म्हणून १८६२ च्या नाण्यावर नुसते 'इंडिया' आहे. १८७७ साली दिल्ली दरबारात राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केले, आणि नाण्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आले. बघा, नखाएवढ्या नाण्यात केवढा इतिहास!

घासले की हीच अक्षरे झिजतात. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर तसा थर बसतो. तो राहू द्या. नाणे कडेला धरून उचला आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवा.

पालकहो, चवली मोडीत घालू नका. दीड ग्रॅम चांदीचे पैसे ते कितीसे येणार? पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१७ नंतर चांदीची चवली पाडणेच बंद झाले. आटवलेली पुन्हा मिळायची नाही.

गोव्यात कोणी नातेवाईक आहेत? मग त्यांनाही विचारा. तिथे १८८१ साली पोर्तुगालचा राजा लुईश याच्या नावाचे, रुपयाच्या आठव्या भागाचे चांदीचे नाणे निघाले होते. चवलीचे भावंडच ते!

आता या आठवड्याचा उद्योग. वहीत चार रकाने आखा : साल, अक्षरे, वजन, नाणे घरात कसे आले. पहिले तीन तुम्हांला नाण्यावरून आणि तराजूवरून भरता येतील. चौथा मात्र आजीलाच ठाऊक. तो आजच विचारून लिहून ठेवा.