‘नुसता टोचा’ आणि कायदा

‘डॉक्टर, मुलींची सुंता म्हणजे आफ्रिकेतला प्रकार ना? बोहरा लोकांत करतात तो तर नुसता टोचा असतो.’ चांगले शिकलेले लोक हे बोलतात.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या दाऊदी बोहरा कुटुंबातल्या दोन लहान बहिणींच्या खतन्याचा खटला चालला. बचाव हाच होता, कापलं काहीच नाही. २०१८ मध्ये अपिलात आरोपी सुटलेसुद्धा. पण २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शिश्निकेला, म्हणजे क्लिटोरिसला, दिलेली बारीकशी चीरही गुन्हाच ठरली.

डॉक्टर म्हणून मला हेच पटतं. हा अवयव इवलासा, मज्जातंतूंनी भरलेला. सात वर्षांची घाबरलेली पोर हात-पाय झाडत असताना पातं किती खोल जाईल, याची हमी कोण देणार? फायदा तर शून्य.

‘मग सुट्टीत मायदेशी नेऊन उरकू’ हाही मार्ग बंद आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्यानुसार तिथल्या मुलीवर परदेशात केलं तरी गुन्हा. तिथे बंदी १९८५ पासून, पहिली शिक्षा मात्र २०१९ मध्ये! भारतात तर वेगळा कायदाच नाही.

हे वाचून कुणी बोहरा शेजाऱ्यांकडे संशयाने पाहू नये. याविरुद्ध कोर्टात आणि बाहेर बोहरा बायकाच बोलत आहेत.

लहानपणी तुमच्यावर हे झालं असेल आणि लघवीला किंवा संबंधांच्या वेळी त्रास होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. त्यात गुन्हा तुमचा नाही.