फोटो काढून सोडलेला मासा जगतो का? टेक्सोमाला जायच्या आधी एवढं वाचा



शाळा सुटायला दोन आठवडे राहिलेत आणि ग्रुपवर टेक्सोमाच्या ट्रिपची विचारणा सुरू झाली आहे, म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी अलिबागची. जिताडा खात मोठी झाले, पण गळ टाकायला शिकले ते इथे डॅलसला आल्यावर, मुलाच्या हट्टापायी. गेल्या जुलैत आम्ही दोन कुटुंबं बोट आणि गाइड घेऊन गेलो होतो. खायला पुरतील एवढे स्ट्रायपर सकाळी आठलाच मिळाले. पण बोटीचे पैसे पूर्ण सकाळचे भरले होते! वसूल नको करायला? मग धरा, फोटो काढा, सोडा, असं चाललं. मुलाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, आपण मारत कुठे आहोत? सोडतोय ना."

परत येताना पाण्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसली. तो मोजत होता. अकरा. "आई, हे आपलेच का गं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचत बसले.

स्ट्राइप्ड बास हा मूळचा समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत चढणारा. टेक्सोमा म्हणजे 1944 साली बांधून झालेल्या डेनिसन धरणाचा जलाशय, तिथे हा मासा माणसांनी आणून सोडला. त्याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहिली तरच जगतात, तळाशी बसली की मरतात. म्हणून बहुतेक तलावांत दरवर्षी पिल्लं सोडावी लागतात. टेक्सोमाला रेड आणि वॉशिटा या दोन लांब नद्या मिळतात, त्यामुळे इथे तो आपला आपण वाढतो.

त्याला थंड पाणी लागतं, आणि भरपूर प्राणवायूही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि अगदी खाली प्राणवायू उरत नाही. मधल्या पट्ट्यात मासे दाटीवाटीने राहतात. म्हणून तर गाइडला ते यंत्रावर पटकन सापडतात! तिथून ओढून, दमवून, कोमट पाण्यातून वर आणून, फोटोसाठी हवेत धरून सोडला, की तो पोहत जातो खरा, पण पुष्कळदा थोड्या वेळाने मरतो. आपण तोवर पुढच्या माशाकडे वळलेलो असतो.

मी सीए आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगते. सोडलेला मासा आपण खर्चात धरतच नाही. उन्हाळ्यात ती नोंद चुकीची आहे. आणि बोटीचं भाडं तर गेलेलंच असतं, आणखी मासे ओढून ते परत येत नाही.

मग जायचं कधी? मार्च-एप्रिलमध्ये मासे नद्यांकडे चढतात, तेव्हा काठावरूनही मिळतात. (माझा टॅक्स सीझन नेमका तेव्हाच!) मे-जूनमध्ये पहाटे झुंडी वर येऊन शॅड या छोट्या माशांवर तुटून पडतात, पाणी उकळल्यासारखं दिसतं. मुलांना हे दाखवाच. जुलै-ऑगस्टमध्ये मासा खोल, जिवंत शॅडचं आमिष लावून. पाणी निवलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झुंडी पुन्हा वर येतात. हिवाळ्यात समुद्रपक्षी जिथे सूर मारतात, तिथे खाली स्ट्रायपर असण्याची शक्यता मोठी. गळ मात्र अगदी सावकाश ओढायचा. सोडायचेच असतील तर थंड पाण्याच्या या दिवसांत सोडा: हात ओले करून, पटकन, जमलं तर पाण्याबाहेर न काढता.

आणि उन्हाळ्यात? जेवढे खाणार तेवढेच धरा, नियमाच्या मर्यादेत, आणि थांबा. उरलेल्या वेळात मुलांना पोहू द्या.

शाकाहारी घरांची अडचण मला कळते, माझं सासरही शाकाहारीच. "सोडून दिला म्हणजे पाप नाही" हे ऐकायला बरं वाटतं. पण खायचाच नसेल तर उन्हाळ्यात गळ टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोटीत बसा, पक्षी बघा. मुलांना दया शिकवायची तर ती फोटोपुरती नको. आपण काय केलं ते त्यांना दिसतं, आणि ती मोजतातही.

जाणाऱ्यांसाठी: टेक्सोमाचं वेगळं लायसन्स घेतलंत तर टेक्सास आणि ओक्लाहोमा दोन्ही बाजूंना चालतं. रोजची मर्यादा निघायच्या आधी बघून घ्या. बर्फ भरपूर न्या, मासा लगेच बर्फात. साफ करताना बाजूची लालसर पट्टी काढून टाका, उग्र वास जातो. मग आलं-लसूण, हळद, तिखट, आगळ लावून, रव्यात घोळवून तळा.

या जूनमध्ये आम्ही पुन्हा जातोय. थांबायचं कधी, ते या वेळी मुलगा ठरवणार आहे. पटलं नाही तर कॉमेंटमध्ये जरूर भांडा.