विळ्याला म्यान, म्यानाला सुरगाठ

खंडेनवमीला आपण विळा धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. आणि सोंगणीच्या दिवशी तोच पाजळलेला विळा उघडाच चुंगडीत टाकून दुचाकीच्या हँडलला लटकवतो. सोयाबीनच्या दिवसांत चिखली-मेहकरकडच्या कोणत्याही रस्त्यावर सकाळी उभं राहा, हेच दिसेल. मजूर बायांनी भरलेल्या ऑटोत तर प्रत्येकीच्या पायाशी एक विळा असतो. खड्डा आला की कोणाच्या पोटरीला लागेल, सांगता येत नाही.

म्यानाला खर्च नाही. जुन्या ठिबकची 16 मिलीमीटरची नळी वावरात पडलेली असतेच. पात्याएवढा तुकडा कापा, लांबीच्या बाजूनं चीर द्या आणि धारेवर चढवा. विळ्याच्या बाकाबरोबर नळीही वाकते. कातड्याचं म्यान दिसायला देखणं, पण विळ्याच्या बाकाला ते शिवून देणारा शोधावा लागतो.

नळी निसटू नये म्हणून दोरी हवी. सुती दोरी चालते, पण दवानं भिजली की गाठ अशी आवळते की दातानं सोडवावी लागते. त्यापेक्षा पॅराकॉर्ड घ्या. ही मूळची पॅराशूटची नायलॉन दोरी, साधारण 4 मिलीमीटर जाड. चांगल्या दोरीत वरच्या विणीच्या आत 7 दोरे असतात आणि ती जवळपास अडीचशे किलोचा ताण सोसते. आपल्याला एवढी ताकद लागत नाही. ती कुजत नाही, हे आपल्या कामाचं. घेताना टोक उसवून आतले दोरे मोजा. नुसतं पोकळ वेष्टण विकणारेही आहेत.

एक मीटर पुरे. मधोमध दुमडा, दुमड मुठीभोवती घाला आणि दोन्ही टोकं त्या दुमडीतून ओढून घ्या. मग नळीवरून दोन-तीन आडवेतिडवे वेढे देऊन पात्याच्या पाठीवर सुरगाठ मारा. निरगाठ नको. बैलाचं दावं बांधतो तशी, एका झटक्यात सुटणारी. नायलॉन गुळगुळीत असतं, म्हणून आधी एक पीळ जास्त द्या आणि टोकं चार बोटं मोकळी ठेवा. दोरी नळीवरच राहू द्या. दातेरी विळा असेल तर उघड्या धारेशी ती घटकाभरही टिकणार नाही.

कापलेलं टोक काडीनं वितळवून घ्या, पण घरी. सोयाबीनच्या गंजीजवळ नाही. वितळलेल्या टोकाला बोट लावू नका, ते कातडीला चिकटून भाजतं.

रंगीत दोरी गुंडाळलेला लांब सुरा कमरेला लावून फोटो काढायची काही पोरांना हौस असते. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. मिरवायच्या सुऱ्याला नाही.

एवढं करूनही लागलंच, तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा, माती-तंबाखू भरू नका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

वावरात पोचल्यावर दोरी मुठीवर ठेवू नका, कापताना ताटात अडकते. नळीसकट ती जेवणाच्या डब्याला बांधा. धुऱ्यावर ठेवलेली नळी विसरते, डबा कोणी विसरत नाही.